बुडबुडा मध्ये येईपर्यंत

कार्यक्रम चार वाजता लागणार होता. पण पावणेचार झाले तरी टीव्ही ज्या स्टुलावर ठेवला होता त्याचा एक पाय हलत होता, आणि तो हलतोय तोवर बाबा काही खुर्चीत बसायला तयार नव्हते.

"बाबा, टीव्ही बघायचाय, तोलायचा नाही," थोरला म्हणाला. आपल्या घरचा मोठा टीव्ही गाडीत घालून, जिना चढवून त्यानेच आणला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बघायचा तरी सरळ बघ की," बाबा म्हणाले. "जा रे, खालून एक चकती आण. पातळ. पितळेची नको, पत्र्याची."

धाकटा उठलाच. इतक्या चटकन उठला की थोरलीच्या, थोरल्याच्या बायकोच्या, ते लक्षात आलं. पाच आठवडे ती हेच बघत होती. टीव्हीवरच्या जोडप्यांच्या स्पर्धेचं चित्रीकरण बायकोबरोबर करून परत आल्यापासून धाकटा घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता आणि काहीही आणायला सांगितलं की पळत होता. हे हरलेल्या माणसाचं लक्षण की जिंकलेल्याचं, यावर तिने आणि आत्याबाईंनी फोनवर तासन्‌तास खल केला होता. कार्यक्रमवाल्यांनी दोघांकडून लिहून घेतलं होतं, प्रसारण होईपर्यंत निकाल कुणालाही सांगायचा नाही. थोरलीला वाटलं होतं, असं लिहून दिलं तरी घरच्यांना सांगतातच. पण धाकट्याची बायको, धाकटी, नगर वाचनालयात नोकरीला. बोलू नका अशा पाटीखाली बारा वर्षं बसलेली बाई, ती कशाची बोलते!

"मला तरी सांगायचं होतंस," आत्याबाई सोफ्यावर पाय वर घेत म्हणाल्या. "चाळीस वर्षं नर्स होते मी. भल्याभल्यांची गुपितं पोटात आहेत माझ्या."

"आत्याबाई, त्यातली निम्मी मला माहीत आहेत," धाकटी म्हणाली. "तुम्हीच सांगितलीत."

थोरली हसली आणि नवऱ्याने बघितलं म्हणून थांबली. आज तिने हसायचं नव्हतं. आज ती त्याच्या बाजूने आली होती.

बाजू कशाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. सहा वाजता कोपऱ्यावरचा चष्मेवाला कागद घेऊन येणार होता. त्याला खालची जागा हवी होती, म्हणजे वजनकाटे दुरुस्तीचा बाबांचा कारखाना. बाबांच्या वडिलांनी काढलेला, बाबांनी पन्नास वर्षं चालवलेला. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन बाकं, एक शेगडी आणि भिंतीभर लटकलेल्या तराजूच्या दांड्या. थोरला विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले. आता किती दिवस? जागा चष्मेवाल्याला द्यावी, धाकट्याने कुठेतरी नोकरी धरावी, बाबांनी आराम करावा. धाकट्याचं म्हणणं त्याहून सरळ होतं, कारखाना मी चालवीन. बाबा दोघांनाही "बघू" म्हणत. पण गेल्या महिन्यात त्यांनी चष्मेवाल्याला रविवारी सहाला बोलाव असं आपणहून सांगितलं, तेव्हा धाकटा दोन दिवस जेवला नव्हता.

त्या कार्यक्रमाचा अर्ज धाकटीने भरला होता, थोरल्याने चष्मेवाल्याला पहिल्यांदा जागा दाखवायला आणलं त्याच रात्री. तिचा हिशेब असा की सगळ्या जगाला टीव्हीवर कळेल, वजनकाटे दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत. गिऱ्हाइकं येतील. मग बाबांना कारखाना बंद करवणार नाही. थोरलीला तेव्हा हे फार भाबडं वाटलं होतं. आता वाटलं, जिंकले असले तर?

धाकटा चकती घेऊन आला. स्टूल स्थिर झालं. बाबांनी पडद्याच्या वरच्या कडेवर तळहात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग बसले.

"झालं का बाळ तुझं समाधान?" आत्याबाईंनी विचारलं. त्या बाबांपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या होत्या.

"लाव," बाबा म्हणाले.

*

आपला आवाज टीव्हीवर इतका नाकातून येतो हे धाकट्याला माहीत नव्हतं.

पडद्यावर तो आणि त्याची बायको वेगवेगळ्या काचेच्या खोक्यांत बसले होते. पहिली फेरी एकमेकांना ओळखण्याची. सूत्रसंचालकाचा कोट मोरपंखी होता आणि त्याचे दात कोटापेक्षाही चमकत होते.

"सांगा, तुमचे यजमान सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी कुणाकडे बघतात?"

"घड्याळाकडे," पडद्यावरची धाकटी म्हणाली.

मग दुसरं खोकं उजळलं. "माझ्या बायकोकडे," पडद्यावरचा धाकटा म्हणाला, आणि लाजला. प्रेक्षक हसले. खोलीतही सगळे हसले.

"अरे, खरं बोलायचं होतं तिथे!" थोरला म्हणाला.

"खरंच बघतो मी."

"हो," धाकटी म्हणाली. "बघतो आणि विचारतो, किती वाजले?"

दुसऱ्या फेरीत धाकट्याच्या डोळ्यांवर पट्टी. हातात पाण्याने भरलेल्या ग्लासांचा ट्रे, वाटेत खुर्च्या मांडलेल्या, आणि बायकोने लांबून वाट सांगायची. बाकीच्या जोड्या "इकडे, अहो इकडे, अगं बाई पडले!" असं ओरडत होत्या. धाकटी मात्र वाचनालयात पुस्तक काढायला सांगावं तसं सांगत होती. "दोन पावलं सरळ. उजवीकडे एक. थांब. कमरेएवढं काहीतरी आहे, त्याला वळसा." धाकट्याने एक थेंब न सांडता ट्रे पोचवला. खोलीत टाळ्या पडल्या. थोरला सगळ्यात मोठ्याने वाजवत होता आणि ते लक्षात आल्यावर त्याने हात मांडीवर ठेवले.

"शेवटची फेरी!" मोरपंखी कोट ओरडला. "दोन जोड्या उरल्यात. एका बाजूला आपलं दंतवैद्य जोडपं, दुसऱ्या बाजूला वजनकाटेवाले आणि वाचनालयवाल्या. जिंकणाऱ्याला दोघांसाठी जहाजाची सफर! आणि या फेरीत तुम्हाला करायचंय वजन!"

पडद्यावर दोन टेबलं आली. प्रत्येकावर एक काटा, एक पिशवी, शेजारी वाळूचा ढीग आणि फावडं. नव्वद सेकंदांत पिशवीत बरोबर दहा किलो वाळू भरायची. काटा हवा तितक्या वेळा वापरा. जो दहाच्या जवळ, तो जिंकला.

"वजन!" थोरला उभाच राहिला. "अरे, हे तर घरचंच झालं! बाबा, वजन आहे!"

"ऐकलं," बाबा म्हणाले.

"दंतवैद्य काय करणार? त्यांचा काय संबंध?" थोरल्याने बायकोचा हात धरून हलवला. "समुद्र नक्की. लिहून ठेव."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. थोरलीला एकदम सगळं कळलं आणि तिने ओठ दाबून धरले.

*

घंटा वाजली. दंतवैद्यांनी फावडं उचललं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीचं तोंड धरलं, डॉक्टरांनी वाळू ओतायला सुरुवात केली. कॅमेरा बराच वेळ त्यांच्यावरच होता. मग तो दुसऱ्या टेबलाकडे वळला, आणि तिथे कुणीच दिसेना.

"कुठे गेले?" आत्याबाई म्हणाल्या.

धाकटी उभी होती, पण टेबलाच्या कडेला वाकून. धाकट्याचे फक्त पाय दिसत होते. बाकी तो सगळा टेबलाखाली होता.

"काय पडलं का?" थोरली म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळत होते. एकाहत्तर. एकोणसत्तर. धाकटा टेबलाखालून बाहेर आला, काट्याचा एक पाय फिरवू लागला. पाय फिरेना. तो पुन्हा खाली गेला.

"हा करतोय काय?" थोरला म्हणाला. मग पडद्याला उद्देशून, "वाळू! अरे, वाळू भर!"

चोपन्न. धाकटीने खिशातून कसलंसं कार्ड काढलं, त्याची घडी घातली, खाली दिली. हात वर आला, नको म्हणाला. तिने आणखी एक घडी घातली. दंतवैद्य आठ किलोवर पोचले होते आणि एकमेकांना सावकाश, सावकाश म्हणत होते.

"घडी काय घालतेस!" थोरला ओरडला. "फावडं घे! फावडं! कुणीतरी यांना सांगा रे!"

"पाच आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं, दादा," धाकटा म्हणाला.

सदतीस सेकंद उरले असताना पडद्यावरचा धाकटा उभा राहिला, काट्यावर अगदी जवळ डोळा नेला, बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. मग दोघांनी फावडं हातात घेतलं आणि अशी काही वाळू भरायला सुरुवात केली की ती वाटेत सांडली, सूत्रसंचालकाच्या बुटात गेली. पण घंटा वाजायची ती वाजलीच.

दंतवैद्य, दहा किलो तीस ग्रॅम. वजनकाटेवाले, सात किलो एकशेवीस.

प्रेक्षकांचं हसणं, त्यावर मुद्दाम घातलेला फुगा फुटल्यासारखा आवाज. मोरपंखी कोटाने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. "टेबलाखाली काय शोधत होता? वहिनींच्या कानातलं पडलं का?"

"काटा तिरका होता," पडद्यावरचा धाकटा म्हणाला.

"म्हणून वाळू भरली नाही?"

"तिरक्या काट्यावर कशी भरणार?"

तो हे इतक्या भाबडेपणाने म्हणाला की कोटवाल्याचे दातसुद्धा क्षणभर झाकले गेले. मग पुन्हा फुगा फुटला आणि सहभागाबद्दल त्यांना पायाने उघडायचा एक कचऱ्याचा डबा देण्यात आला.

"म्हणजे तो डबा!" आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही विकत आणला."

थोरलीला आता आवरेना. ती पदर तोंडावर धरून हसू लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसतेस काय?" थोरला म्हणाला.

"अहो, तिरक्या काट्यावर कशी भरणार!" एवढंच तिला बोलता आलं.

थोरल्याला हसू येत नव्हतं. त्याची उद्या कचेरी होती. कचेरीत सगळ्यांना त्यानेच सांगून ठेवलं होतं, चार वाजता बघा, आमचा भाऊ आहे. शिपायालासुद्धा सांगितलं होतं.

"किती फरक पडला असता रे?" त्याने विचारलं. आवाज त्याने मुद्दाम खाली ठेवला होता. "काटा तिरका राहिला असता तर?"

धाकट्याने जमिनीकडे बघितलं. "चाळीसेक ग्रॅम."

"चाळीस ग्रॅम! त्या दातवाल्यांचाही तीस चुकलाच होता की. चाळीस ग्रॅमसाठी तू समुद्र घालवलास!"

"मला नव्हतं जायचं समुद्रावर."

"मग कशाला गेला होतात?"

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थोरला बाबांकडे वळला. "बाबा, बघितलंत ना? मी वाईट म्हणून नाही सांगत. सगळी दुनिया पुढे चाललीय आणि हा टेबलाखाली. उद्या तुमच्यामागे हा कारखाना चालवणार? बाबा, सहाला येतोय तो माणूस. आता तरी..."

"मागे घे," बाबा म्हणाले.

"काय?"

"ते चित्र. मागे घेता येतं ना? घंटा वाजते तिथून लाव."

*

थोरलीने रिमोट दाबला. घंटा वाजली, दंतवैद्यांनी फावडं उचललं. बाबा उठले आणि पडद्याजवळ गेले. आणखी जवळ गेले. शेवटी त्यांचं नाक काचेला लागायचंच राहिलं होतं.

"बाळ, आम्हाला काही दिसत नाहीये," आत्याबाई म्हणाल्या.

"मलाही नाही," बाबा म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून निसटलं. पाठमोरे असूनही निसटल्याचं त्यांना कळलं आहे हे सगळ्यांना दिसलं. थोरलीने चित्र थांबवलं. आत्याबाई आपल्या जागेवरून उठल्या, कुणाचाही हात न धरता, आणि बाबांचा चेहरा हनुवटीला धरून खिडकीकडे वळवला.

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

"काय दिसत नाही?"

"तसं सगळं दिसतं, अक्का. माणसं दिसतात. पेपरातले मथळे दिसतात." बाबांनी हनुवटी त्यांच्या हातातून सोडवली. "पाणसळीतला बुडबुडा दिसत नाही."

हे ऐकून थोरला खाली बसला. कारखान्याचा एकच नियम होता आणि तो त्यालाही लहानपणापासून पाठ होता. कुठलाही काटा तपासायच्या आधी त्याच्या पाणसळीतला, म्हणजे काटा सपाट आहे का ते दाखवणाऱ्या काचेतला, बुडबुडा गोलाच्या मध्ये आणायचा, आणि कुठलाही काटा दाराबाहेर जायच्या आधी तो बाबांनी स्वतः बघायचा. धाकटा दांड्या घासी, त्या ज्यांच्यावर डोलतात त्या सुऱ्या बसवी, त्याच्यासारखं काम आसपास कुणाचं नव्हतं. पण शेवटची नजर बाबांची. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर ते धाकट्याला म्हणाले होते, "तुला हात आहे, नजर नाही." पुन्हा कधी म्हणाले नाहीत, पण म्हटलं होतं.

"म्हणून त्याला बोलावलंत," थोरला हळूच म्हणाला. "चष्मेवाल्याला."

"चुकीचा काटा बाहेर जाण्यापेक्षा दुकान बंद झालेलं बरं." बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. आता त्यांनी धाकट्याला विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज जरा वेगळा होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा असतो तसा. "त्या दिव्यांच्या झगमगाटात, एवढी माणसं हसत असताना, बुडबुडा बाजूला आहे हे तू बघितलंस?"

धाकट्याने पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर त्या क्षणाला दंतवैद्य होते. त्यांच्या मागे, कोपऱ्यात, दुसरं टेबल अंधूक दिसत होतं. खरं काय झालं ते तिथे कुणालाच दिसलं नसतं. बाबांना तर नाहीच. सहा वर्षं ज्या एका वाक्यावर तो रोज रात्री कूस बदलत होता, ते आता उलटं फिरायला एक "हो" पुरलं असतं. हो म्हटलं असतं तर कारखाना राहिला असता. बायको काही बोलली नसती. बोलू नका या पाटीखाली बसणारी बाई.

"नाही," धाकटा म्हणाला. "मी फावडं उचललं होतं. हिने माझा हात धरला. बुडबुडा हिने बघितला."

बाबांनी विचारलं, "आणि पाचर?"

"पाचर मी लावली. पायाचा स्क्रू गंजलेला होता, फिरेना."

"कशाची लावलीस?"

"प्रश्नांच्या कार्डाची. चार घड्या घालून."

"चार कशाला?"

"तीनने पुरं होईना."

"हं," बाबा म्हणाले. तो "हं" कसा असतो ते धाकट्यालाच माहीत. वर्षातून दोनदा, काम मनापासून पसंत पडलं की यायचा.

मग बाबा धाकटीकडे वळले. "तुला बुडबुडा बघायला कुणी शिकवलं, सूनबाई?"

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले, आता काय लपवायचं?

"कुणी नाही, बाबा. तुम्ही जेवताना रोज तेच बोलता. बारा वर्षं ऐकतेय." मग तिने एका दमात सांगून टाकलं. "आणि चार महिने झाले, तुम्ही बघून बाजूला ठेवलेले काटे संध्याकाळी मी परत बघते. वाचनालयातून आल्यावर. तुम्ही वर जेवायला आलात की. तुम्ही एकदा त्या किराणावाल्याच्या काट्याची पाणसळ बघायच्या ऐवजी बोटाने चाचपलीत ना, तेव्हा मला कळलं."

थोरलीला वाटलं, आता बाबा चिडणार. तिने मनातल्या मनात धाकटीच्या बाजूला खुर्ची सरकवली, आणि मग खरोखरच सरकवली.

"माझ्या काट्यांवर तू काटा लावलास," बाबा म्हणाले.

"हो."

"किती चुकलेले निघाले?"

"तीन."

"तीनच?"

"चार वाटले होते. चौथ्यात मीच चुकले होते. तुमचं बरोबर होतं."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "कोणता गं? तो पोस्टाचा?"

"पोस्टाचाच."

"मला वाटलंच. त्याचं पारडं फसवतं." ते खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ त्यांनी गुडघे चोळले. आत्याबाई म्हणाल्या, "बाळ, डोळ्यात मोतीबिंदू झालाय, बाकी काही नाही. अर्ध्या तासाचं काम असतं. मी शेकड्यांनी बघितलीत. उगाच घाबरून दुकान विकायला निघाला होतास."

"विकायला नाही, भाड्याने द्यायला."

"तेच ते."

"डोळा होईल बरा," बाबा म्हणाले. "त्याच्या नंतरचं काय, ते बघत होतो मी." ते धाकटीला म्हणाले, "वाचनालय सोडणार नाहीस तू."

हा प्रश्न होता की नाही ते धाकटीला कळेना. "नाही," ती म्हणाली. "पण चारला सुटते. चार ते सात येईन. मात्र तुम्ही पास केलेला काटा मी परत पाठवला तर रुसायचं नाही."

"मी कधी रुसलो?"

पाचही तोंडांतून एकदम एकच आवाज निघाला. त्यात आत्याबाईंचा सगळ्यात मोठा होता.

तेवढ्यात खालून हाक आली. "आहेत का वर?" चष्मेवाला होता. सहाला अजून वेळ होता, पण तो घाईचा माणूस.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी थोरल्याकडे.

"तू आणलंस त्याला. तूच सांग."

"काय सांगू?"

"विम्याच्या कचेरीत आहेस ना? माणसांना नाही म्हणायचा पगार घेतोस. सांग काहीतरी."

*

थोरला जिना उतरला. उतरताना त्याच्या मनात आपल्या बाजूची सगळी वाक्यं तयार होती. बाबांचं वय. जोखीम. आणि हे लोक कसे भावनेच्या भरात निर्णय घेतात. चष्मेवाल्याला म्हणावं, आठ दिवस थांबा, मी समजावतो.

तो कारखान्याच्या मागच्या दाराने आत शिरला, म्हणजे पुढचं शटर उघडता येईल. दिवा लावला. चष्मेवाल्याला जागा दाखवली त्यानंतर कित्येक महिन्यांत तो इथे आला नव्हता. फळीवर दुरुस्त झालेले काटे रांगेत होते आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं होतं, वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीमागे असतं तसं. त्याने एक उलटून बघितलं. क्रमांक. आल्याची तारीख. सुरी बदलली. बाबांनी पाहिला, तारीख. आणि खाली, बारीक, टोकदार अक्षरात, परत पाहिला, तारीख. त्याने दुसरं बघितलं. तिसरं. एकही रकाना रिकामा नव्हता, एकही खाडाखोड नव्हती. सव्वीस वर्षं तो फायली बघत होता. कचेरीतल्या एकाही माणसाकडून त्याला अशी नोंद ठेवून घेता आली नव्हती.

त्याने शटर वर केलं.

"पाहिला, पाहिला कार्यक्रम!" चष्मेवाला आधीच हसत होता. काखेत कागदांची पिशवी होती. "काय हो, तुमचे बंधू! टेबलाखाली! आमच्या घरात हसून हसून..."

"काटा तिरका होता," थोरला म्हणाला.

"हो, तेच म्हणाले ते! तिरका होता! आमची ही म्हणते..."

"अहो, खरंच तिरका होता. पाणसळ माहीत आहे तुम्हाला? नाही ना? मग हसता कशाला? तुम्ही नंबर काढताना माणूस मान वाकडी करून बसला तर चष्मा बनवता का तसाच? का आधी मान सरळ करायला सांगता?"

चष्मेवाल्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "सरळ करायला सांगतो."

"नव्वद सेकंदच असले तर?"

"तरी... सांगावंच लागतं हो. नाहीतर नंबर चुकतो."

"मग झालं तर."

थोरल्याला स्वतःलाच जरा आश्चर्य वाटलं, पण आता आवाज चढला होता आणि तो खाली आणायची त्याची इच्छा नव्हती. वर जिन्याच्या तोंडाशी पावलं थांबल्याचं त्याला ऐकू येत होतं. सगळे तिथेच उभे असणार.

"डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण?" त्याने विचारलं. "मोतीबिंदू काढणारा. तुमच्याकडे सगळे येतात, तुम्हाला माहीत असेल."

चष्मेवाल्याने एक नाव सांगितलं. थोरल्याने ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं, पत्ता विचारला, तोही लिहिला.

"बरं," चष्मेवाला म्हणाला आणि पिशवीतून कागद काढू लागला. "मग आपलं जागेचं?"

थोरल्याने मागे वळून त्या लांब खोलीकडे बघितलं. बाकं, दांड्या, कार्डं.

"जागा?" तो म्हणाला. "अहो, जागा रिकामी कुठे आहे? उद्या चारपासून इथे आमच्या भावजयबाई बसणार आहेत."